खोडरबर नसलेली भाषा

आपल्या मंडळाच्या अंकात भाषेवर लेख असतातच. यावेळी मी जिच्याबद्दल लिहितोय ती कुणाचीच मातृभाषा नाही. तिचं नाव एर्लांग. १९८६ च्या सुमारास स्वीडनमध्ये, एरिक्सन या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत तिची सुरुवात झाली. जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स हे तिचे तिघे कर्ते. टेलिफोनच्या गर्दीचं गणित मांडणारे डॅनिश गणितज्ञ आग्नर एर्लांग यांचं नाव तिला मिळालं. आज आपण ज्याला क्लाऊड म्हणतो, त्याची एक मोठी अडचण या भाषेने फार आधी ओळखली होती.

पहिल्यांदा थोडं व्याकरण. बहुतेक संगणक-भाषांत ‘क्ष = क्ष + १’ असं बिनधास्त लिहितात. क्ष म्हणजे एक डबा. आत आहे ते काढा, एक मिळवा, परत ठेवा. हेच दहावीच्या बीजगणिताच्या बाईंना लिहून दाखवा! क्ष हा क्ष अधिक एक इतका असेलच कसा? एर्लांग बाईंच्या बाजूची आहे. एखाद्या फंक्शनमध्ये क्ष एकदा ५ ठरला की तो तिथे शेवटपर्यंत ५ च. सहा हवेत तर नवं नाव घ्या. जुनं खोडायचं नाही, जुन्यातून नवं काढायचं. फंक्शनल भाषांचा हा मूळ स्वभाव.

बेळगावच्या बाजारात ज्यांच्या घरचं दुकान आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. आमचे आजोबा कीर्दीत चुकीची रक्कम पडली तरी खोडू देत नसत. खाली उलटी नोंद घाला म्हणायचे. खाडाखोड दिसली की हिशेबावरचा भरवसा जातो.

आता क्लाऊड. नाव ढगाचं, पण असतात ते दुसऱ्याचे संगणक, भाड्याने घेतलेले. गर्दी झाली की दोनाचे वीस करायचे, ओसरली की परत द्यायचे. सोय मोठी आहे, पण तिच्याबरोबर दोन कटकटी येतात. वीस संगणक एकाच आकड्याला हात घालतात, आणि त्यातला एखादा कधीही मान टाकतो. गेल्या वर्षी एका परीक्षेच्या फॉर्मच्या शेवटच्या संध्याकाळी माझ्या वर्गमैत्रिणीच्या वडिलांच्या खात्यातून फी दोनदा गेली. स्क्रीनवर मात्र ‘पुन्हा प्रयत्न करा’. त्या घरात दोनदा फी म्हणजे महिन्याचा किराणा. आत नेमकं काय बिघडलं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, पण असं कसं होऊ शकतं ते सांगता येतं.

समजा पुण्याच्या बसमध्ये एकच सीट उरलीय. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं. दोन्ही कामांनी डब्यात पाहिलं, ‘१ शिल्लक’. दोघांनीही एक वजा केला. सीट एक, तिकिटं दोन. यावर नेहमीचा उपाय म्हणजे डब्याला कुलूप. पण कुलपं वाढली की कामं एकमेकांची वाट बघत अडकून बसतात.

एर्लांगमध्ये सगळ्यांचा मिळून एक डबा नसतोच. प्रत्येक काम ही एक छोटी प्रोसेस. तिची स्मृती तिच्यापाशी, दुसऱ्या कुणाला आत डोकावता येत नाही. काही हवं असेल तर चिठ्ठी पाठवायची. त्या बसचा हिशेब एकाच प्रोसेसकडे दिला की ती एका वेळी एकच चिठ्ठी उघडते: पहिल्याला सीट, दुसऱ्याला नकार. या प्रोसेस इतक्या हलक्या असतात की साध्या लॅपटॉपवरही लाखभर सहज चालतात. चिठ्ठी शेजारच्या प्रोसेसला जातेय की दुसऱ्या संगणकावर, लिहिण्याची पद्धत तीच. म्हणून क्लाऊडमध्ये ही भाषा परकी वाटत नाही.

आणि बंद पडण्याचं काय? मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. एर्लांगवाले म्हणतात, पडू द्या. एक कॉल तुटला म्हणून अख्खं एक्स्चेंज बंद पडता कामा नये, ही टेलिफोनवाल्यांची मूळ गरज. म्हणून प्रोसेसवर नजर ठेवायला दुसरी प्रोसेस असते, मुकादमासारखी. ती काम स्वतः करत नाही. कुणी पडला की त्याच्या जागी ताजा माणूस उभा करते, तेवढंच.

पण ताज्या माणसाला जुनं काही आठवत नसतं, हे विसरून चालणार नाही. जे जपायचंय ते डेटाबेसमध्ये लिहावंच लागतं. दोन संगणकांमध्ये चिठ्ठी गहाळही होऊ शकते. ती परत पाठवली तर घेणाऱ्याला ‘ही मघाचीच’ हे ओळखता आलं पाहिजे, म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक हवा. फी दोनदा जाऊ नये यासाठी ही काळजी माणसानेच घ्यायची. कुठलीही भाषा ती आपोआप घेत नाही. शिवाय प्रचंड आकडेमोडीसाठी एर्लांग धिमी, आणि आपल्याकडे तिच्या नोकऱ्याही कमीच.

खुद्द एरिक्सनच्या एका विभागाने १९९८ मध्ये नव्या कामांसाठी तिच्यावर बंदी घातली होती. त्याच वर्षाअखेर ती सगळ्यांसाठी खुली झाली. पुढे व्हॉट्सॲपने आपला सर्व्हर तिच्यात लिहिला. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेतलं तेव्हा वापरणारे सुमारे ४५ कोटी आणि इंजिनिअर अवघे ३२! जोसे व्हालिम यांची एलिक्सिर ही नवी भाषाही एर्लांगच्याच यंत्रावर चालते. तिचं लिखाण नवशिक्यांना सोपं वाटतं.

मराठीच्या विद्यार्थ्यांनी मात्र आधी एर्लांगच बघावी. फुकट मिळते, लॅबमधल्या जुन्या मशीनवरही चालते. तिच्यात स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम तिन्ही लागतात, आणि जागा चुकली तर चालत नाही. वाक्य टाइप करून एंटर दाबलं आणि काहीच झालं नाही, तर मशीन बिघडलंय असं समजू नका. ती पूर्णविरामाची वाट बघत असते.