फुगलेल्या शिरा अंगावर काढू नका

घाटकोपर-मुलुंडच्या दुकानांत, सफाईच्या कामावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या आपल्या भगिनींच्या पोटऱ्यांवर निळ्या, वेड्यावाकड्या शिरा आम्ही नेहमी पाहतो. ‘थकवा असेल’ म्हणून त्या दुखणे अंगावर काढतात. शिरांतील झडपा निकामी झाल्या की रक्त वर चढण्याऐवजी खाली साचते. पाय सुजतो, घोट्याजवळची कातडी काळवंडते, पुढे लवकर न भरणारी जखम होते.

लेसर उपचारात सुईवाटे बारीक तार शिरेत घालून उष्णतेने ती शीर बंद करतात. रक्त आतल्या चांगल्या शिरांतून वाहू लागते. पाय बधिर करून हे करता येते. बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. मात्र आधी कलर डॉप्लर तपासणी हवीच.

जाहिरात पाहून पैसे भरण्याआधी राजावाडी किंवा कूपर रुग्णालयात पाय दाखवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे आरोग्यमित्रांना विचारा.

उपचारानंतरही दिवसभर उभेच राहिलो, तर दुसऱ्या शिरा फुगू शकतात. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकान कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. आपणही कामाच्या जागी स्टूल मागूया, एकीने मागूया.