पडलेली तार मेलेली नसते

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. वारा काही तासांत ओसरला. पण श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांतल्या कितीतरी वाड्या पुढे कित्येक आठवडे अंधारात राहिल्या. वीज गेली म्हणजे विजेचा धोकाही गेला, हा समज अशाच दिवसांत मनात घट्ट बसतो, आणि माझ्या मते वादळानंतरचा सर्वांत घातक गैरसमज तोच आहे. वाटेवर झावळ्यांखाली तार दबलेली असते. ती ठिणग्या टाकत नाही, आवाज करत नाही. घरात दिवा नाही, पंखा नाही. मग ती बाजूला सारायला हात सहज पुढे होतो. पण घरातला दिवा विझणं वेगळं आणि त्या तारेतला प्रवाह थांबणं वेगळं. उपकेंद्रातून ११ हजार व्होल्टची वाहिनी निघते, ती गावच्या डीपीपर्यंत, म्हणजे रोहित्रापर्यंत येते आणि तिथून २३० व्होल्टची वीज घरात शिरते. डीपीवरचा फ्यूज उडाला तर घर अंधारात जातं, वरची वाहिनी मात्र चालू राहू शकते. सकाळी बंद असलेली वाहिनी दुपारी चाचणीसाठी सुरूही होते. म्हणून काठीनेसुद्धा तारेला शिवू नये. गुरं-पोरं लांब ठेवून १९१२ या वीज-तक्रारीच्या क्रमांकावर कळवावं.

याच समजाची दुसरी बाजू जनरेटरची. विहिरीवर पंप असतो, रहाट केव्हाच गेलेला असतो, तेव्हा पाण्यासाठी जनरेटर आणणं गैर नाही. गैर आहे ते त्याची वायर थेट घराच्या वायरिंगला जोडणं. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करतं: ११ हजारांचे २३० करतं, तसे उलट बाजूने आलेल्या २३० चे ११ हजारही करतं. त्यामुळे एका घरातली वीज खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातातली तार जिवंत करू शकते. यावर लोक म्हणतात, आम्ही आठवणीने मेन स्विच पाडतो. पण दहाव्या रात्री, थकलेल्या माणसाच्या आठवणीवर दुसऱ्याचा जीव टांगू नये. चेंजओव्हर स्विच नीट बसवला, तर दोन्ही विजा एकत्र येण्याची वाटच उरत नाही. छपरावरची, लाइनला जोडलेली साधी सौरयंत्रणा लाइन गेली की बंद पडते, तेही याच कारणाने. ‘ऊन आहे, मग वीज का नाही’ ही तक्रार समजण्यासारखी आहे, पण ती यंत्रणा बिघडलेली नसते. लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी बनवलेली असते.

पावसाच्या भीतीने जनरेटर पडवीत ठेवतात, हे तर फारच वाईट. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. खिडकी उघडी ठेवल्याने तो पुरेसा जात नाही आणि झोपलेल्याला जाग येत नाही. जनरेटर अंगणातच हवा, दारं-खिडक्यांपासून लांब, वर आडोसा करून, चारी बाजू मोकळ्या ठेवून.

शेजारच्या वाडीत दिवे लागले की आपल्याला मुद्दाम मागे ठेवलं असं वाटतं. पण दुरुस्ती वरून खाली जाते: आधी उपकेंद्र, मग मुख्य वाहिनी, मग एकेक डीपी. दोन वाड्यांच्या डीपी वेगळ्या असल्या, तर आठ दिवसांचा फरक पडू शकतो. पथक अखेर आपल्या वाडीत आलं, की ज्यांच्या घरी जनरेटर आहे त्यांनी वायरमनने शिडी लावण्याआधीच पुढे होऊन तसं सांगावं, आणि तो उतरेपर्यंत जनरेटर बंद ठेवावा.