तिथीची पाऊणपट आणि समुद्रावरची पाखरं

मुंबई महापालिका दर पावसाळ्याच्या तोंडावर एक यादी जाहीर करते. जून ते सप्टेंबरमध्ये साडेचार मीटरपेक्षा उंच भरती कोणत्या तारखांना आणि किती वाजता येणार, त्याची. यादी असते हिंदमाता, परळ, दादरच्या सखल भागात पाणी तुंबण्याच्या काळजीपोटी. पण या शहरात काही मंडळी अशी आहेत जी ती यादी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या तारखांखाली लाल रेघ ओढतात. या तारखांना समुद्रपक्षी किनाऱ्याजवळ दिसतात. पावसाळ्यात मुंबईत पक्षी नसतात, दुर्बिणी नोव्हेंबरात बाहेर काढायच्या, हा समज फार पक्का आहे आणि तो साफ चुकीचा आहे.

यादी हाताशी नसेल तर कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणून भरती साधारण सहाला. चतुर्थीला तीनला. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. हा हिशोब मला वरळी कोळीवाड्यातल्या एका वयस्कर नाखव्यांनी शिकवला आणि पुढची सगळी पक्षीनिरीक्षणं त्याच्यावर बेतली गेली. कसं ते सांगतो. उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी बाराला, म्हणजे ओहोटी सकाळी सहा-सातला. त्या वेळी खडक उघडे पडलेले असतात, पक्षी लांबवर विखुरलेले. आठनंतर पाणी चढू लागतं आणि एकेक खडक बुडत जातो, तसे पक्षी आपल्याकडे सरकत येतात. वरळी किल्ल्याजवळ तुम्ही पश्चिमेला तोंड करून उभे असाल तर तोवर सूर्य तुमच्या पाठीशी असतो. संध्याकाळी तिथेच उभं राहिलात तर समोर नुसत्या काळ्या आकृत्या. म्हणून जाणती मंडळी संध्याकाळच्या रम्य समुद्राचा मोह टाळतात.

समुद्रात घुसलेलं खरं टोक म्हणजे मलबार पॉइंट, पण तिथे राज्यपालांचं निवासस्थान. त्यामुळे आमच्या जागा ठरलेल्या. १६७५च्या सुमारास इंग्रजांनी बांधलेला वरळीचा छोटा किल्ला आणि त्याखालचे खडक, हाजीअलीचा परिसर, दादरला चैत्यभूमीमागचा व्ह्यूइंग डेक. हा डेक पावसाळी पाण्याच्या नाल्याच्या तोंडावर बांधलेला आहे. पर्यटकांना समोर सी-लिंक दिसतो. आम्ही खाली बघतो, कारण नाल्याच्या तोंडाशी चिखलात बगळे आणि तुतवार खाणं शोधत असतात.

ऑगस्टच्या उत्तरार्धात जे पहिले चिखल्या उतरतात ते पाहण्यासारखे असतात. हिवाळ्यात हा पक्षी राखी-पांढरा, अंगाला काही रंग नसलेला. पण हिमालयापलीकडे तिबेटच्या पठारावर अंडी-पिल्लं आटोपून तो इथे येतो तेव्हा त्याच्या छातीवर विणीच्या हंगामातला तांबूस पट्टा अजून शिल्लक असतो. तीन-चार आठवड्यांत तो रंग उडून जातो. नोव्हेंबरात येणाऱ्यांना हा रंग कधीच दिसत नाही. आणखी एक गोष्ट मला दरवर्षी नव्याने थक्क करते. आधी मोठे पक्षी येतात. त्यांच्या मागून, सप्टेंबरात, त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं येतात. आई-बाप आधीच निघून गेलेले असतात, वाट दाखवायला बरोबर कोणी मोठं नसतं. आयुष्यातला पहिला प्रवास, मध्ये हिमालय, आणि ही पोरं वरळीच्या खडकावर अचूक उतरतात.

पावसात तिपाईवर टेलिस्कोप लावून समुद्राकडे बघणारा माणूस मुंबईत लगेच लोकांच्या नजरेत भरतो. २००८च्या नोव्हेंबरात अतिरेकी कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ समुद्रातूनच उतरले होते, तेव्हा किनाऱ्यावरच्या पोलिसांनी विचारपूस करणं योग्यच आहे. एका सकाळी एक हवालदार आले. "काय बघताय साहेब? कोणती बोट आहे?" मी बाजूला झालो आणि म्हटलं, तुम्हीच बघा. काचेत एक टर्नस्टोन होता, चोचीने शिंपले उलटे करत खाणं शोधणारा. हा आर्क्टिकहून आलाय म्हटल्यावर त्यांनी रेनकोटची टोपी मागे सारली आणि पुन्हा डोळा लावला. मग म्हणाले, "आमच्या नाइट ड्यूटीला हे असतात, नुसते आवाज येतात. कोण आहे ते आज कळलं." त्या दिवसापासून आमच्या नोंदीत एक भर पडली: रात्री कोणत्या पाळीला, कोणत्या बाजूने पक्ष्यांचे आवाज आले. स्थलांतर बरंचसं रात्री होतं. ते ऐकायला जागं कोण असतं? पोलीस आणि कोळी.

कोळ्यांचं तर काय सांगावं! महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ऑगस्ट उजाडतो, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला जातो आणि होड्या बाहेर पडतात. खोल समुद्रातले पक्षी आमच्यापैकी बहुतेकांनी पुस्तकात पाहिलेले. खलाशी त्यांच्यात जगतात. एकदा जाळी दुरुस्त करत बसलेल्या तांडेलांना मी विल्सन्स स्टॉर्म पेट्रेलचं चित्र दाखवलं. चिमणीहून थोडा मोठा, काळपट, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा, वजन जेमतेम ३५-४० ग्रॅम. ते हसले. "हा होय! हा पाण्यावर चालतो. जाळं ओढलं की मागे येतो." पेट्रेल खरोखरच पंख उभारून लाटेवर पाय आपटत जातो, चालल्यासारखा. हा पक्षी अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यांवर आणि आसपासच्या बेटांवर प्रजनन करतो. तिकडे हिवाळा सुरू झाला की विषुववृत्त ओलांडून आपल्या पावसाळ्यात अरबी समुद्रावर येतो. नैऋत्य वाऱ्यांनी समुद्र ढवळतो, खोलवरचं पोषण वर येतं आणि त्याची चंगळ होते. तांडेलांना अंटार्क्टिका माहीत नव्हता. पण हा पक्षी कुठल्या महिन्यात येतो, कोणत्या वाऱ्याला जवळ येतो आणि कधी दिसेनासा होतो, हे त्यांनी न अडखळता सांगितलं. माझ्या मते मुंबईच्या समुद्रपक्ष्यांची सर्वांत मोठी नोंदवही कोळीवाड्यांतल्या माणसांच्या डोक्यात आहे आणि ती कोणीही नीट उतरवून घेतलेली नाही.

शास्त्राची नोंदवहीही याच मुलखात सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या पानावर दोन मराठी माणसं आहेत. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतल्या आठ रहिवाशांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. सुरुवातीच्या बैठका राणीच्या बागेतल्या संग्रहालयात व्हायच्या, आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. आठांपैकी दोघे मराठी डॉक्टर होते. प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. गिरगावच्या ज्या घरात रखमाबाईंची बालविवाहाविरुद्धची ऐतिहासिक लढाई उभी राहिली, त्याच घरातला माणूस शहराच्या जीवसृष्टीचा अभ्यास व्हावा म्हणून झटत होता. त्यानंतर तेरा वर्षांनी, १८९६मध्ये, पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा जन्म झाला. त्यांचं बालपण खेतवाडीत मामांच्या घरी गेलं. आज खेतवाडीच्या गल्ल्यांतून गणपती बघत फिरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

सोसायटीने पक्ष्यांच्या पायात घातलेल्या कड्यांचा किस्सा तर कादंबरीला पुरेल. १९५७मध्ये कर्नाटकात क्यासनूर जंगलातल्या माकडतापाचा विषाणू सापडला. तो रशियातल्या एका विषाणूचा जवळचा नातेवाईक निघाला. सायबेरियातून येणारे पक्षी तो आणत असतील का, अशी शंका आली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं मोठं काम सुरू झालं. पक्षी पकडायला बिहारचे पारंपरिक मीरशिकार आले. अली हुसेन त्यांतले नामवंत. प्रत्येक कड्यावर सोसायटीला कळवा, असा इंग्रजी मजकूर, मुंबईच्या नावासह. पण काही पैसा अमेरिकी लष्कराशी जोडलेल्या प्रकल्पातून आला होता. १९७४मध्ये वर्तमानपत्रांतून जंतुयुद्धाच्या संशयाचे आरोप झाले आणि प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेलं. पक्ष्यांच्या पायातलं ॲल्युमिनियमचं कडं राष्ट्रीय सुरक्षेचा विषय झालं, ते असं.

समुद्रपक्ष्यांच्या बाबतीत मात्र नाव घ्यायचं ते हुमायून अब्दुलालींचं. सालिम अलींबरोबर मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांची यादी त्यांनी केली. १९४२मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरचे सुरय आणि पाकोळ्या यांवर त्यांचा लेख आला. सुरय तिथे ऐन पावसाळ्यात अंडी घालतात, जेव्हा त्या खडकाला होडी लावणं जिवावरचं काम असतं. घरबसल्या लिहिता येणारा तो विषय नव्हे.

अनंत चतुर्दशी पौर्णिमेला लागून येते, म्हणजे उधाण ठरलेलंच. विसर्जनाची मंडळं आणि आम्ही त्या दिवशी एकच भरतीचं कोष्टक बघत असतो. २०२५मध्ये लालबागच्या राजाचं विसर्जन भरतीमुळे लांबलं, ते सगळ्यांनी पाहिलं. विसर्जनाच्या रात्री गिरगावच्या वाळूवर पक्ष्याला पाय ठेवायला जागा नसते.

किनारा मात्र वेगाने बदलतोय. मरीन ड्राइव्ह ते वरळी या १०.५८ किलोमीटरच्या कोस्टल रोडचा पहिला भाग मार्च २०२४मध्ये सुरू झाला. त्याखाली जे खडक आणि ओहोटीची डबकी गेली, तिथे समुद्रबगळे उभे असत. प्रवास जलद झाला हे खरं. पण किनाऱ्याची किंमत मोजताना पक्ष्यांची जागा कोणी हिशोबात धरली नाही, हे मला मनापासून खुपतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वादळात खोल समुद्रातले पक्षी शहरात फेकले जातात. मे २०२१च्या तौक्ते चक्रीवादळात कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले, आणि त्यानंतर सुरय जमिनीवर सापडले. काही पावसाळ्यांत मास्क्ड बूबी सापडतो, दीड मीटर पंखविस्ताराचा, ओमानच्या बेटांवर घरटी करणारा. गच्चीवर, रस्त्याच्या कडेला, दमून बसलेला. लोकांच्या मनात दया असते, पण हात चुकीच्या दिशेने जातात. कोणी दूध-पाव देतं, कोणी बादलीत बुडवतं, कोणी लगेच समुद्रात सोडायला जातं. भिजलेला, उपाशी पक्षी लाटेत टिकत नाही. आणि सर्वांत घातक चूक म्हणजे चोच बांधणं. बूबीच्या चोचीवरच्या नाकपुड्या बंद असतात, तो चोचीच्या कोपऱ्यांतून श्वास घेतो. चोच घट्ट बांधली तर तो गुदमरून मरतो.

तेव्हा येत्या पावसाळ्यात असा पाहुणा दारात सापडला तर एवढंच करा. त्याच्या डोक्यावर टॉवेल टाका, आपले डोळे जपा, कारण बूबीची चोच सुऱ्यासारखी चालते. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. पाणी पाजू नका, खायला घालू नका, चोच बांधू नका, फोटोसाठी बाहेर काढू नका. जवळ असाल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय गाठा. नाहीतर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तो क्रमांक आत्ताच मोबाइलमध्ये साठवून ठेवा.