कुलूप लावण्यापूर्वी

डेटाबेसची नक्कल काढायची म्हणजे फायली उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवायच्या, अशी पुष्कळांची समजूत असते. माझीही होती. कला शाखेच्या माणसाने या भानगडीत पडावे कशाला, असे कोणी विचारील. पण ग्रंथालयाच्या नोंदी आणि आपले परीक्षेचे गुण आता अशाच जागी राहतात ना!

किराणा दुकान आठवा. विक्री होताच शेटजी ती रोजकीर्दीत टिपतात. खतावणीत ती सवडीने चढते. ओरॅकल या डेटाबेसचा कारभार तसाच आहे. पक्का केलेला बदल आधी 'रीडू लॉग' या फायलीत लिहिला जातो. मूळ डेटा-फायलीत तो मागाहून उतरतो. तेव्हा चालू डेटाबेसच्या फायली नुसत्या उचलल्या, तर एका पानावर दुपारचे बारा आणि दुसऱ्यावर सव्वाबारा! म्हणून आधी बंद करायचे, मग नक्कल. हाच कोल्ड बॅकअप.

बंद करण्याच्या रीती चार. 'नॉर्मल' ही फार सोशिक: नव्याला आत घेत नाही, पण आतला शेवटचा माणूस स्वतः उठेपर्यंत थांबते. कोणी संगणक तसाच ठेवून घरी गेला, की रात्र सरली. 'ट्रान्झॅक्शनल' हातचा व्यवहार पुरा होऊ देते. 'इमिजिएट' अर्धवट व्यवहार मागे फिरवून सर्वांना बाहेर काढते; मात्र व्यवहार मोठा असेल तर नावाप्रमाणे तात्काळ होत नाही. या तिन्हींत शेवटी रोजकीर्द आणि खतावणी जुळवूनच फायली मिटतात.

चौथी 'अबॉर्ट'. ही म्हणजे चालत्या दुकानाचा दिवा मालवणे. जुळवाजुळव पुढच्या वेळी सुरू करताना होते, त्यामुळे अबॉर्टनंतर लगेच घेतलेली नक्कल विसंगत असते. रीडू लॉगची जुनी पाने जपून ठेवण्याची सोय चालू नसेल, तर संकटसमयी आपल्या हाती ही नक्कल तेवढी उरते. तीच कच्ची निघाली तर गुण कोणाकडे मागायचे?

मग 'इमिजिएट' अडकलेच तर? तेव्हा अबॉर्ट खुशाल करावे. पण लगेच 'रिस्ट्रिक्ट' लावून डेटाबेस पुन्हा सुरू करावा, म्हणजे इतर कोणी शिरत नाही आणि जुळवणी होते. त्यानंतर 'नॉर्मल'ने बंद करून डेटा-फायली, कंट्रोल फायली आणि रीडू लॉग एकत्र उचलावेत. संगणक तसाच ठेवून गेलेल्या गृहस्थांना सकाळी संबंध तुटल्याचा निरोप दिसेल, इतकेच.