स्नायूंची वीज आणि अण्णांचा हात

गणेशोत्सवात मोदकांच्या रांगेत उभा असताना मंडळातल्या एका काकूंनी मला विचारले, “तुम्ही सॉफ्टवेअरवाले ना? मग हातावर हे गोल गोल वळ कसले?” मी कामावरून थेट आलो होतो आणि सकाळी चिकटवलेल्या इलेक्ट्रोडचे डाग तसेच राहिले होते. रांगेत उभ्या उभ्या दिलेले उत्तर दोन वाक्यांचे होते. ही पुरवणी मोठ्या लेखांची आहे, तेव्हा आता सावकाशीने सांगतो.

मी ओसाकाजवळ राहतो आणि माणसाची हालचाल मोजणाऱ्या उपकरणांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. डॉक्टरेटही याच विषयातली. जपानीत या मोजणीच्या आलेखाला ‘किन्देन्झु’ म्हणतात. किन म्हणजे स्नायू, देन म्हणजे वीज, झु म्हणजे चित्र. दवाखान्यात आपण ज्याला इ.एम.जी. म्हणतो तेच हे. जपानी नावात सगळा विषय आला, त्यामुळे मला ते अधिक आवडते.

आपण हात उचलायचे ठरवतो तेव्हा मेंदूचा हुकूम मज्जारज्जूतून उतरतो आणि तिथल्या चेतापेशींमार्फत स्नायूपर्यंत पोचतो. एकेक चेतापेशी स्नायूतल्या तंतूंच्या एकेका गटाची मुकादम असते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका मुकादमाच्या हाताखाली दहाएक तंतू असतात, पोटरीच्या मोठ्या स्नायूत हजारावर. हुकूम पोचला की त्या सगळ्या तंतूंवरून विजेची एक लाट धावते आणि तंतू आखडतात. या विजेचा थोडासा अंश कातडीपर्यंत झिरपतो. आम्ही पकडतो तो हाच अंश. तो फार तर काही मिलिव्होल्ट भरतो, एरवी त्याहूनही पुष्कळ कमी. टॉर्चच्या सेलचा दाब १.५ व्होल्ट असतो, म्हणजे त्याच्या हजाराव्या भागाच्या आसपासची ही गोष्ट.

ही वीज माणसाच्या हातातून मोजण्याचा पहिला मान बर्लिनच्या दु ब्वा-रेमाँ यांचा. १८४९ साली त्यांनी दोन्ही हात मिठाच्या पाण्यात बुडवून एक हात आवळला आणि तारेला जोडलेल्या यंत्राची सुई हलली. कातडी विजेला अडवते म्हणून त्यांनी स्वतःच्या हातावर फोड आणून ती काढूनसुद्धा प्रयोग केला. आज आम्ही हातावरचे केस काढतो, स्पिरिटने कातडी पुसतो आणि दोन इलेक्ट्रोड साधारण दोन सेंटीमीटर अंतरावर तंतूंच्या दिशेने चिकटवतो. तिसरा कोपराच्या हाडासारख्या निवांत जागी. नंतर सेकंदाला हजार किंवा दोन हजार वेळा मोजणी होते. पडद्यावर येते ते एक केसाळ सुरवंटासारखे चित्र. त्याची खालची बाजू उलटून वर घ्यायची आणि गुळगुळीत करायची, की एक शांत रेघ मिळते. स्नायू कामाला लागला की रेघ चढते, सैलावला की उतरते.

इथपर्यंत सोपे आहे. गोंधळ सुरू होतो तो रेघेचा अर्थ लावताना. रेघ जितकी उंच तितकी ताकद जास्त, असे सर्वांना वाटते, आणि नव्या इंजिनियरला तर फारच वाटते. पण ही रेघ म्हणजे स्नायूला पोचलेल्या हुकमांची पावती आहे. काम किती झाले ते ती सांगत नाही. थकलेल्या स्नायूकडून तेच ओझे उचलून घ्यायला जास्त हुकूम लागतात, म्हणून ताकद तेवढीच राहूनही रेघ चढते. हुकूम पोचल्यावर प्रत्यक्ष जोर दिसायला काही शतांश सेकंद जातात ते वेगळेच.

दोन प्रयोग घरी करून पाहा, यंत्र लागत नाही. पाण्याने भरलेला तांब्या उजव्या हातात धरून कोपर वाकवा आणि मग तो अगदी हळूहळू खाली न्या. डाव्या हाताने दंड चाचपत राहा. हात सरळ करण्याचे काम दंडाच्या मागच्या स्नायूचे, असे शाळेत शिकलो. पण खाली जाताना टणक राहतो तो पुढचाच स्नायू. तो दोर हळूहळू सोडावा तसा स्वतःला सोडत असतो आणि मागचा जवळपास स्वस्थ बसलेला असतो. दुसरा प्रयोग मुठीचा. मूठ घट्ट आवळा आणि कोपराखालचा हात दोन्ही बाजूंनी दाबून पाहा. तळव्याच्या बाजूचा भाग टणक लागेल, ते अपेक्षितच आहे, कारण बोटे मिटणारे स्नायू तिथे आहेत. पण पाठीमागचा, म्हणजे बोटे आणि मनगट उघडणारा भागही टणक लागेल. तो आवळला नाही तर मनगट आत वळेल आणि मूठ ढिली पडेल. एकमेकांविरुद्ध ओढणारे स्नायू असे एकत्र काम करतात तेव्हा सांधा ताठ होतो. कधी तो ताठरपणा हवा असतो, कधी त्याचाच अडथळा होतो.

जपानमध्ये या विषयाची परंपरा चांगली जुनी आहे. वासेदा विद्यापीठाचे प्रा. इचिरो कातो १९७३ साली पूर्ण झालेल्या ‘वाबोत-१’ या माणसासारख्या यंत्रमानवामुळे प्रसिद्ध झाले. पण त्याआधीपासून ते स्नायूंच्या विजेवर चालणाऱ्या कृत्रिम हातावर काम करत होते. आमच्याकडे क्योतो, ओसाका आणि नारा यांच्या सीमेवर केइहान्ना नावाची विज्ञाननगरी आहे. तिथल्या ए.टी.आर. संस्थेत यासुहारू कोइके आणि मित्सुओ कावातो यांनी १९९५ साली दाखवले, की हाताच्या अनेक स्नायूंची वीज एकत्र वाचली तर सांध्यांवरचा जोर आणि हाताचा मार्ग यांचा अंदाज गणकयंत्र बांधू शकते. एकट्या स्नायूची रेघ फसवते, पण अनेक रेघा एकत्र वाचल्या तर पुष्कळ काही कळते. माझ्या प्रबंधाचे मूळ या वाक्यात होते.

त्सुकुबा विद्यापीठातले प्रा. योशियुकी सांकाई यांचे ‘हाल’ नावाचे यंत्र तुमच्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर पाहिले असेल. पायांना बांधायचा तो एक सांगाडा आहे. त्यासाठी २००४ साली सायबरडाइन ही कंपनी निघाली. पाय उचलण्याची ताकद नसलेल्या रुग्णानेही पाय उचलायची इच्छा केली, तर अगदी क्षीण का होईना, हुकूम कातडीपर्यंत येतो. यंत्र तो हुकूम वाचते आणि त्याच्या मोटारी पायाला उचलायला मदत करतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये जपान सरकारने स्नायू व मज्जातंतूंच्या आठ विकारांसाठी याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. पाय हलला नाही तरी इच्छा मोजता येते, हे यातले मर्म. ते मला पाठ होते, आणि म्हणूनच पुढे माझी फसगत झाली.

पण त्याआधी जपानच्या विजेची एक गंमत सांगायला हवी. घरातली वीज सेकंदाला ठरावीक वेळा दिशा बदलते. १८९५ साली तोक्योच्या वीज कंपनीने जर्मनीहून जनित्रे आणली, ती ५० हर्ट्झची. दोन वर्षांनी ओसाकाने अमेरिकेतून आणली, ती ६० ची. तेव्हापासून शिझुओकातल्या फुजी नदीच्या पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० असा हा देश दुभंगलेला आहे. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेला विजेचा तुटवडा पडला, पण दोन्हींमध्ये अदलाबदल करण्याची सोय सुमारे दहा लाख किलोवॅटचीच होती, म्हणून पश्चिमेला फारशी मदत करता आली नाही. आमच्या धंद्यात याचा त्रास रोजचा. स्नायूंची वीज साधारण २० ते ४५० हर्ट्झच्या पट्ट्यात असते, आणि पंख्याची, ट्यूबलाइटची, भिंतीतल्या तारांची गुणगुण नेमकी त्यातच मिसळते. शिवाय कित्येकदा स्नायूपेक्षा मोठी असते. ती कापण्यासाठी चाळणी लावतात. जाणकार नाक मुरडतात, कारण तिच्याबरोबर स्नायूचाही थोडा आवाज कापला जातो. मी लावतो. ओसाकात ती ६० वर असते.

२०१७ च्या जानेवारीत वाईला माझ्या वडिलांना, अण्णांना, पक्षाघाताचा झटका आला. बोलणे वाचले, पाय बराचसा वाचला, उजवा हात मात्र मिटून गेला. मार्चमध्ये मी तीन आठवड्यांची रजा काढून गेलो तेव्हा त्यांना वाटी धरता येई, पण सोडता येत नसे. आई त्यांची बोटे एकेक करून उलगडायची. घरात येणारा जाणारा प्रत्येक जण म्हणे, “अण्णा, जोर लावा.” अण्णा जन्मभर शाळेत मुलांना हेच सांगत आलेले. ते घाम येईपर्यंत जोर लावायचे, आणि हात आणखी घट्ट मिटायचा. एकदा ते मला म्हणाले, “मी पुरेसा प्रयत्न करत नाही असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायला लागलंय.”

माझ्या पिशवीत दोन इलेक्ट्रोड-जोड्यांचा छोटा अँप्लिफायर होता, बॅटरीवर चालणारा. (माणसाला तारा लावायच्या तर यंत्र भिंतीतल्या विजेशी जोडलेले नसावे. हा नियम मी कधीही मोडत नाही, आणि कुणी घरी असले उद्योग करणार असेल तर त्यानेही मोडू नये.) एक जोडी बोटे उघडणाऱ्या स्नायूंवर, दुसरी मिटणाऱ्यांवर. लॅपटॉप मांडीवर. म्हटले, “अण्णा, हात उघडा.” हात उघडला नाही, पण उघडणाऱ्या स्नायूची रेघ छान वर होती. हुकूम पोचत होता! मी आईला हाक मारली, आणि रात्री पुण्याच्या बहिणीलाही फोन करून सांगितले. ‘सोडा’ म्हटल्यावर रेघ खाली येत नव्हती हे मला दिसले होते. पण पक्षाघातानंतर स्नायू ताठतात आणि सैल सोडता येत नाहीत, हे मी वाचलेले. दोन्ही रेघा वर, म्हणजे ताठरपणा, असा अर्थ मी लावला. आपल्याला हवे ते दिसत असले की डॉक्टरेटसुद्धा त्याच्या बाजूनेच युक्तिवाद करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजत होतो. अण्णा दात आवळून प्रयत्न करत होते, आणि वीज गेली. डोक्यावरचा पंखा थांबत आला. माझ्या दोन्ही रेघा धपकन तळाला गेल्या.

मी काही वेळ काहीच बोललो नाही. चाळणी ओसाकाच्या ६० वर होती आणि वाईची वीज ५० ची. आदल्या दिवशी आईला दाखवलेली रेघ अण्णांची नव्हतीच, ती पंख्याची आणि ट्यूबलाइटची होती. कच्ची लाट उघडून शहानिशा करायला पाच सेकंद लागतात. सेकंदाच्या दहाव्या भागात पाच लाटा मोजल्या असत्या तर भागले असते. ते मी केले नव्हते.

अण्णांनी विचारले, “काय झालं? मी सोडला का हात?” मी त्यांना सगळे खरे सांगितले. ते म्हणाले, “मग आता वीज नाही तोवर बघ की.” मास्तरच ते.

वीज पाऊण तास आली नाही. तेवढ्यात जे दिसले ते माझ्या आयुष्यातले सर्वांत स्वच्छ मोजमाप. उघडणाऱ्या स्नायूची रेघ अण्णांच्या प्रयत्नाबरोबर खरोखर वर येत होती, अगदी थोडी, पण दर वेळी. आणि त्याच क्षणी मिटणाऱ्या स्नायूची रेघ तिच्या दुपटी-तिपटीने उसळत होती. (निरनिराळ्या स्नायूंच्या उंचीची अशी थेट तुलना करू नये, आणि शेजारच्या स्नायूचा आवाजही थोडा मिसळतो, पण फरक एवढा होता की शंका राहिली नाही.) अण्णा जितका जोर लावत, तितका मिटणारा पुढे. अगदी हलके, नुसता विचार केल्यासारखे करा म्हटले, तेव्हा मिटणारा गप्प राहिला, उघडणारा किंचित हलला, आणि तर्जनी नखभर सरकली.

म्हणजे प्रयत्न कमी पडत नव्हता, उलट तो जास्त होत होता. ‘जोर लावा’ हा आम्हा सर्वांचा सल्लाच चुकीचा होता. गावातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंना चित्र दाखवले. त्या म्हणाल्या, “मी हेच सांगत होते, सैल सोडून करा. पण घरचे ऐकत नाहीत.” मग उरलेले दिवस अण्णा त्यांच्या देखरेखीखाली, पडद्याकडे बघत, खालची रेघ झोपवून वरची उठवायचा सराव करत राहिले. चाळणी अर्थातच ५० वर, पंखा बंद.

यावरून स्नायूंची वीज दाखवली की पक्षाघात बरा होतो, असे कुणी समजू नये. जगभर या पद्धतीच्या चाचण्या झाल्या आहेत आणि निष्कर्ष एकसारखे नाहीत. शिवाय पहिल्या काही महिन्यांत बरेच रुग्ण आपोआपही सुधारतात. अण्णांचा हात कशामुळे किती सुधारला, हे एका माणसावरून ठरत नाही. घरात ‘जोर लावा’ म्हणणे मात्र त्या दिवसापासून बंद झाले. जूनमध्ये आईचा फोन आला, “आज यांनी वाटी आपली आपण खाली ठेवली.” दुसऱ्या दिवशी जमले नाही. पुढे कधी जमे, कधी नाही.

माझ्या अँप्लिफायरच्या डब्यावर अजून कागदाची एक पट्टी चिकटवलेली आहे. निघायच्या दिवशी अण्णांनी ती डाव्या हाताने लिहून दिली. अक्षर वेडेवाकडे आहे, पण वाचता येते: वाई ५०, ओसाका ६०.