किती अश्वशक्ती, किती वेळ?

१९८६ साली टर्बो बसवलेल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनांनी दोन टोकं गाठली. पहिलं टोक फॉर्म्युला वनमधलं. बेनेटनच्या गाडीतलं बीएमडब्ल्यूचं दीड लिटरचं एम १२/१३ इंजिन पात्रता फेरीत तेराशेच्या घरात अश्वशक्ती देत होतं. नेमका आकडा ठाऊक नाही, कारण बीएमडब्ल्यूचा डायनो १२८० च्या पुढे मोजतच नव्हता. त्या ताकदीवर तेओ फाबीनं ऑस्ट्रियात आणि मोन्झाला पात्रता फेरीत पहिला क्रमांक मिळवला. एवढ्या जोरावर ते इंजिन टिकायचं मात्र मोजक्याच फेऱ्या. शर्यतीच्या दिवशी बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, बराच खाली आणावा लागे.

दुसरं टोक अमेरिकेतल्या अलाबामात, टॅलाडेगाच्या अंडाकृती ट्रॅकवर. तिथे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साबनं आपल्या नेहमीच्या उत्पादनातल्या तीन ९००० टर्बो गाड्या रात्रंदिवस पळवल्या. दोन लिटरचं इंजिन, सुमारे १७५ अश्वशक्ती. तिन्ही गाड्यांनी १ लाख किलोमीटर पुरे केले. सर्वांत वेगवान गाडीची सरासरी ताशी २१३ किलोमीटर होती, म्हणजे जवळजवळ वीस दिवसांचा अखंड प्रवास.

‘हे इंजिन किती बीएचपी झेपेल?’ हा प्रश्न ट्यूनिंगच्या दुनियेत रोज विचारला जातो, आणि मला तो कायम अर्धवट वाटतो. किती वेळ, कोणत्या आरपीएमला, कोणत्या पेट्रोलवर आणि किती तापमानात, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तरच नाही.

बीएमडब्ल्यूच्या त्या इंजिनाचं मूळ बघा. आलेक्स फोन फाल्केनहाउझेन यांनी आखलेला बिडाचा एम १० ब्लॉक १९६२ च्या सुमारास १५०० या साध्या सेडानमध्ये आला, तेव्हा तो ८० अश्वशक्तीचा होता. पुढे पाउल रोशे यांच्या चमूनं त्याच जातीचा ब्लॉक शर्यतीत नेला आणि १९८३ मध्ये नेल्सन पिके ब्रॅबहॅमच्या गाडीतून विश्वविजेता झाला. टर्बो इंजिनावर चालकानं जिंकलेलं ते पहिलं विश्वविजेतेपद. रस्त्यावर भरपूर पळालेले ब्लॉक त्यासाठी पसंत केले जात, असं सांगतात. वारंवार तापून-निवून ओतकामातले अंतर्गत ताण निघून गेलेले असत. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे की लोखंडाचं ते धूड दहा-पंधरापट ताकदीलाही पुरून उरलं. मर्यादा आली ती पिस्टन, व्हॉल्व्ह आणि टर्बो यांच्याकडून. आणि उष्णतेकडून.

मोडतं काय, हे समजून घ्यायचं तर दोन बळं वेगळी काढावी लागतात. कनेक्टिंग रॉडला ओढणारं बळ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ६००० आरपीएमची मर्यादा ७५०० वर नेली की ते दीडपटीहून जास्त होतं, आणि रॉडच्या बोल्टची परीक्षा इथे होते. रॉडला दाबणारं बळ येतं ज्वलनाच्या दाबातून, म्हणजे टॉर्कमधून. म्हणून छोटा टर्बो लावून २५०० आरपीएमलाच प्रचंड टॉर्क काढणारं ट्यूनिंग रॉड वाकवू शकतं, आणि तेवढीच कमाल अश्वशक्ती वरच्या आरपीएमला देणारा मोठा टर्बो त्याच रॉडला सांभाळून घेतो. डायनोच्या कागदावर दोघांचा मोठा आकडा सारखाच दिसतो.

या दोन्हींपेक्षा घातक आहे नॉकिंग. ठिणगीनं पेटलेली ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं, दाबाच्या लाटा पिस्टनवर आदळतात आणि दोन रिंगांमधली पातळ कड तुटते. वीस हजार किलोमीटर शांतपणे चाललेलं इंजिन कमी ऑक्टेनच्या एका टाकीवर, एका लांब चढावर संपू शकतं. साबच्या टिकाऊपणाचं एक कारण इथेच सापडतं. पेर गिलब्रांड यांच्या कामातून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली एपीसी यंत्रणा ब्लॉकवरच्या सेन्सरनं नॉकिंग ओळखायची आणि वेस्टगेट ही टर्बोला बगल देणारी झडप उघडून बूस्ट उतरवायची. आपली मर्यादा ओळखणारं इंजिन, ही माझ्या मते टर्बोच्या इतिहासातली सर्वांत मोठी सुधारणा.

मित्सुबिशीचं ४जी६३ ट्यूनरांचं लाडकं. बिडाचा ब्लॉक, १९९७ सीसी, लॅन्सर इव्होल्यूशनच्या पहिल्या नऊ पिढ्या. जपानी कंपन्यांच्या आपसातल्या समझोत्यामुळे कागदावर ते बराच काळ २८० अश्वशक्तीलाच थांबलं. जागतिक रॅली स्पर्धेत हवा रोखणाऱ्या ३४ मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमुळे ताकद तीनशेच्या आसपास अडवलेली होती, तरीही टोमी मॅकिनेननं १९९६ ते १९९९ सलग चार विजेतेपदं पटकावली. ब्रिटनमध्ये २००४ ला विकल्या गेलेल्या इव्होल्यूशन एफक्यू-४०० नं याच इंजिनातून चारशेपार मजल मारली, पण फोर्ज्ड पिस्टन आणि रॉड घालून. फोर्ज्ड पिस्टनलाही किंमत मोजावी लागते. शर्यतीत चालणारा २६१८ हा मिश्रधातू चिवट, पण त्यात सिलिकॉन अगदी कमी. तो तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून सिलिंडरमध्ये सैल बसवावा लागतो. थंड इंजिनात तो खडखडतो आणि झिजतो. ४०३२ मध्ये सिलिकॉन भरपूर, फुगवटा कमी, पण नॉकिंगचा मार त्याला कमी सोसतो. रोज ऑफिसला जायच्या गाडीत मी दुसराच निवडेन.

२०१९ मध्ये मर्सिडीज-एएमजीनं एम १३९ आणलं: १९९१ सीसी, ४२१ अश्वशक्ती, ५०० न्यूटन-मीटर, तेही वॉरंटीसकट. त्यातला कमाल ज्वलनदाब १६० बारपर्यंत जातो, म्हणजे ८३ मिलिमीटरच्या एका पिस्टनवर सुमारे नऊ टनांचा भार. त्यासाठी सिलिंडरभोवतीचा भाग वरून बंद असलेला क्लोज्ड-डेक ब्लॉक आला, टर्बोला रोलर बेअरिंग आलं, थंडाव्याची सगळी व्यवस्था नव्यानं बेतली गेली. सॉफ्टवेअरनं यातलं काहीच होत नाही.

आपल्याकडे ट्यूनिंग म्हणजे बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच, रिमॅप. चाकणला बनणाऱ्या टायगुन आणि कुशाकमधलं दीड लिटरचं टीएसआय १५० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटर देतं. त्याला जोडलेल्या ड्राय-क्लच डीएसजीची, डीक्यू२०० ची, क्षमताही २५० न्यूटन-मीटरच आहे. म्हणजे मूळ गाडीतच गिअरबॉक्स काठावर उभा आहे. इंजिन आणखी टॉर्क देईलही. क्लचच्या चकत्यांचं काय, हे रिमॅप विकणारे फारसं बोलत नाहीत.

शिवाय आपली हवा. ४० अंशांची हवा दुप्पट दाबाला आणली की कॉम्प्रेसरमधून ती १३० अंशांच्या आसपास बाहेर पडते. इंटरकूलर ती निववतो, पण डायनोवरची एक खेच दहा-पंधरा सेकंदांची असते आणि खंडाळ्याचा चढ काही मिनिटांचा. तेवढ्यात इंटरकूलर स्वतःच तापतो. मूळ सॉफ्टवेअर अशा वेळी ठिणगी उशिरा टाकतं आणि बूस्ट कमी करतं. गाडी थोडी मंद वाटते, पिस्टन वाचतात. हेच संरक्षण ढिलं करून आकडा वाढवणारे रिमॅप बाजारात आहेत. म्हणून ट्यूनरकडे डायनोच्या आलेखाबरोबर आणखी एक नोंद मागावी: आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि प्रत्येक सिलिंडरला नॉकिंगमुळे ठिणगी किती मागे घ्यावी लागली, मे महिन्यातल्या दुपारी भरल्या गाडीनं घाट चढताना.