संचालक मंडळात हवामानाचा विषय काढतं कोण?

(लेखमाला : तापतं हवामान, उद्योगांचा हिशेब – भाग ७)

२६ मे २०२१ रोजी एक्झॉनमोबिल या अमेरिकी तेलकंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. जेमतेम सहा महिन्यांपूर्वी स्थापन झालेल्या ‘इंजिन नंबर वन’ या गुंतवणूक संस्थेने संचालकपदासाठी आपले चार उमेदवार उभे केले होते. कंपनीत या संस्थेचा हिस्सा होता सुमारे ०.०२ टक्के. व्यवस्थापनाने सगळी ताकद पणाला लावली, तरी मतमोजणी संपली तेव्हा मंडळाच्या बारापैकी तीन जागा या नवख्या संस्थेच्या उमेदवारांकडे गेल्या होत्या.

त्यांनी भागधारकांपुढे मांडलेला युक्तिवाद पैशाचा होता. मंडळावरच्या स्वतंत्र संचालकांना ऊर्जा व्यवसायाचा पुरेसा अनुभव नाही, तेलाची मागणी ओसरली तर भांडवल कुठे गुंतवायचं याचा आराखडा नाही, आणि २०२० या एकाच वर्षात कंपनीला २२ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ब्लॅकरॉक, व्हॅनगार्ड, स्टेट स्ट्रीट यांच्यासारख्या बड्या भागधारकांनी त्यांच्या काही उमेदवारांच्या पारड्यात मतं टाकली, ती याच भाषेमुळे. पुढे जानेवारी २०२२ मध्ये एक्झॉनने २०५० पर्यंत स्वतःच्या कारभारातलं उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचं जाहीर केलं. पण २०२३ च्या ऑक्टोबरात हीच कंपनी सुमारे ६० अब्ज डॉलरला पायोनियर ही तेलकंपनी विकत घ्यायला निघाली. तीन संचालक बदलले म्हणून धंद्याची दिशा बदलत नाही, हेही या प्रकरणात दिसलं.

मागच्या भागात आपण उत्सर्जन कसं मोजतात ते पाहिलं. मोजलेला आकडा कोणापुढे जातो आणि तो पाहून निर्णय कोण घेतं, हा या आठवड्याचा विषय. हवामानविषयक आर्थिक माहिती जाहीर करण्यासाठी मायकेल ब्लूमबर्ग यांच्या अध्यक्षतेखालच्या कृतिगटाने २०१७ मध्ये शिफारशी केल्या, तेव्हा चार खांबांत पहिला मान कारभाराला दिला होता. माझ्या मते तो क्रम अगदी योग्य आहे. विषय कोणाच्या अखत्यारीत येतो हे ठरलेलं नसेल, तर उद्दिष्टं कितीही सुंदर असोत, ती वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत पानांवरच राहतात.

आपल्याकडे कायदा याबाबत मुका नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६६ मध्ये संचालकाची कर्तव्यं सांगताना भागधारक, कर्मचारी आणि समाज यांच्याबरोबर पर्यावरणाच्या रक्षणाचाही स्पष्ट उल्लेख आहे. सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना जोखीम व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि पर्यावरणाशी निगडित धोके तिच्या कक्षेत येतात. याच कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, देणंही सक्तीचं आहे.

तुमच्याकडे एखाद्या कंपनीचे शेअर असतील, तर तिचा वार्षिक अहवाल उघडून या बीआरएसआरचा ‘ब’ विभाग काढा. शाश्वततेच्या प्रश्नांवर निर्णय घेणारी मंडळाची समिती किंवा जबाबदार संचालक आहे का, असा प्रश्न तिथे असतो. उत्तर बहुतेकदा ‘होय’ असतं. तिथे थांबू नका. त्या समितीचा अध्यक्ष कोण, वर्षात तिच्या बैठका किती झाल्या, वित्त विभागाचा प्रमुख तिथे बसतो का, हे कारभाराच्या अहवालात शोधा. समितीच्या नावात ‘सीएसआर’ असेल आणि तिच्या कामात वृक्षारोपण आणि शाळांना दिलेली मदत एवढंच दिसत असेल, तर हवामानाचा विषय मुख्य धंद्यापासून दूर, दानधर्माच्या खात्यात ठेवला आहे असं खुशाल समजा. आपल्याकडचा हा सर्वात मोठा दोष आहे असं मला वाटतं.

आता ‘अ’ विभागात या. तिथे धोक्यांचा तक्ता असतो आणि त्याचा शेवटचा रकाना आर्थिक परिणामांचा. परिणाम सकारात्मक की नकारात्मक, एवढंच नमुना तिथे विचारतो. त्यामुळे अनेकदा ‘नकारात्मक’ या एका शब्दावर भागवलं जातं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात आणि खेर्डीच्या औद्योगिक वसाहतीत शिरलं. अशा ठिकाणी कारखाना असलेल्या कंपनीच्या मंडळाला एक शब्द काय कामाचा? विजेचं पॅनेल जमिनीपासून किती फुटांवर आहे, कच्चा माल तळमजल्यावर का ठेवला, विम्यात पूर धरला आहे का, पाणी वाढायला लागल्यावर पाळी थांबवून कामगारांना घरी पाठवायचा अधिकार कोणाला, आणि तो रात्री दोन वाजता वापरता येतो का? हे प्रश्न मंडळाच्या बैठकीत आले, तरच कारखान्याच्या व्यवस्थापकाला त्यासाठी पैसे मिळतात.

पैशाची गाठ घालण्याचा एक मार्ग महिंद्र अँड महिंद्रने २०१६ मध्ये धरला: उत्सर्जनाच्या दर टनामागे १० डॉलर अशी अंतर्गत किंमत लावायची आणि त्यातून ऊर्जा वाचवणाऱ्या कामांना बळ द्यायचं. रक्कम मोठी नाही, पण विषय हिशेबाच्या वहीत येतो.

शब्द फिरवण्याचा अधिकार कोणाला, हे ठरवणंही तितकंच निकडीचं आहे. ब्रिटनच्या बीपीने २०२० मध्ये दशकभरात तेल-वायूचं उत्पादन ४० टक्क्यांनी घटवण्याचं ठरवलं. २०२२ च्या सभेत ८८ टक्के मतांनी भागधारकांनी कंपनीच्या हवामान आराखड्याला पाठिंबा दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेलाचा नफा भरभरून येत असताना मंडळाने ते उद्दिष्ट २५ टक्क्यांवर आणलं, आणि नव्या आराखड्यावर भागधारकांचं मत घेतलंच नाही. २०२५ मध्ये तेही सोडून दिलं. त्या वर्षीच्या सभेत जवळपास चौथा हिस्सा मतं अध्यक्षांच्या फेरनिवडीविरुद्ध पडली. ज्या ठरावाला सभेने मान्यता दिली, तो बदलायचा तर पुन्हा सभेपुढेच यायला हवं. यात तडजोड नको.

भारतात एक्झॉनसारखी लढत होईल का? संचालकपदासाठी नाव सुचवायला मोठा हिस्सा लागत नाही. कलम १६० नुसार कोणीही भागधारक एक लाख रुपये अनामत ठेवून ते करू शकतो. मात्र स्वतःचा ठराव सभेपुढे आणायचा तर एक दशांश मतांचं बळ हवं. त्यातून आपल्या कितीतरी कंपन्यांत निम्म्याच्या आसपास शेअर प्रवर्तकांच्याच हातात. तिथे बाहेरच्याला जिंकणं महाकठीण. म्हणून स्वतंत्र संचालक आणि म्युच्युअल फंड यांच्यावरची जबाबदारी इथे अधिक जड होते. एप्रिल २०२२ पासून फंडांना प्रत्येक ठरावावर मत देणं बंधनकारक आहे, आणि ते मत कारणासह संकेतस्थळावर टाकावं लागतं. तुमची एसआयपी ज्या फंडात आहे, त्याच्या मतदानाचा तिमाही तक्ता उघडा. जोखीम समितीच्या अध्यक्षाच्या फेरनेमणुकीवर फंडाने काय मत दिलं आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिलं, ते वाचा. कारण पटलं नाही, तर फंडाला पत्र लिहून विचारा. पैसा तुमचा आहे.

पुढच्या भागात मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखानदारांकडे वळू.